एसी-३ म्हणजे थंड हवा नव्हे!



या वेळच्या टपालात एक झकास प्रश्न आला आहे. पाठवणारा मित्र सातवीत शिकतो. त्यांच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर आहे. स्टार्टर बिघडला म्हणून गावातले वायरमनकाका आले, मेन स्विच बंद करून त्यांनी पत्र्याच्या डब्याचं झाकण काढलं, आणि आतल्या एका काळ्या ठोकळ्यावर याला 'एसी-३' अशी अक्षरं दिसली. पत्रात तो विचारतो, "आमच्या विहिरीवर एसी कुणी बसवला? आणि बसवला तर हा तिसरा कसा? पहिले दोन कुठे गेले?"

थंड हवेच्या एसीशी याचा काही संबंध नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. इथे एसी म्हणजे सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह, शाळेच्या पुस्तकातला प्रत्यावर्ती प्रवाह. पण 'पहिले दोन कुठे गेले' हा प्रश्न मात्र अगदी नेमका आहे बरं का! कारण पहिला आहे, दुसरा आहे, चौथाही आहे. आणि हे आकडे न बघता ठोकळा बसवला, तर चांगली चालती मोटर जळून जाऊ शकते. तेव्हा आज त्या ठोकळ्याच्या पोटात शिरू या. त्याचं नाव कॉन्टॅक्टर.

आता तुम्ही म्हणाल, मोटर चालू करायला साधं बटण का नको? घरातला पंखा नाही का भिंतीवरच्या बटणाने फिरत? फिरतो. पण पंख्याला अर्धा अँपिअरसुद्धा प्रवाह लागत नाही. पाच हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटर चालताना साधारण सात-साडेसात अँपिअर घेते, तेही तिन्ही तारांतून. आणि सुरू होण्याच्या क्षणी? भरलेली बैलगाडी जागची हलवताना बैलांना पहिल्या हिसक्याला किती जोर लावावा लागतो ते आठवा. एकदा चाकं फिरू लागली की मग तेवढा जोर लागत नाही. मोटरचंही तसंच. सुरू होताना ती सहापट प्रवाह ओढते, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस अँपिअर! असा प्रवाह हाताने जोडायचा-तोडायचा तर माणसाचा हात एकसारखा चालत नाही. कधी झटकन उठतो, कधी रेंगाळतो. रेंगाळला की ठिणगी लांबते आणि स्विचच वितळू लागतो.

म्हणून युक्ती केली गेली, की हुकूम देणारा प्रवाह वेगळा आणि काम करणारा प्रवाह वेगळा. १८२५ मध्ये विल्यम स्टर्जन या इंग्रज माणसाने लोखंडाभोवती तार गुंडाळून विद्युतचुंबक तयार केला, तो तुम्हांला पाठ्यपुस्तकात भेटला असेल. कॉन्टॅक्टर म्हणजे त्याच विद्युतचुंबकाला दिलेली स्विच चालवण्याची नोकरी. ठोकळ्यात बारीक तारेची एक कॉइल असते. तिच्यात लोखंडी पत्र्यांचा स्थिर गाभा, त्याच्यासमोर स्प्रिंगने दूर धरलेला हलता गाभा, आणि हलत्या गाभ्याला जोडलेल्या तीन पट्ट्या, दर फेजला एक. कॉइलला वीज मिळाली की गाभा खेचला जातो, खट्‌! तिन्ही पट्ट्या एकाच वेळी टेकतात, मोटर सुरू. कॉइलची वीज गेली की स्प्रिंग ढकलते, खट्‌! तिन्ही पट्ट्या एकदम सुटतात. कॉइल लागते ती अगदी थोड्या प्रवाहावर. म्हणून हिरवं बटण लहान असलं तरी चालतं, आणि ते मोटरपासून शंभर फूट दूर बसवलं तरीही चालतं.

पण थांबा. हिरवं बटण तर आपण क्षणभरच दाबतो. बोट उचलल्यावर कॉइलची वीज जायला हवी ना? इथेच खरी गंमत आहे. मुख्य तीन पट्ट्यांबरोबर एक छोटी, चौथी पट्टीही टेकते. ती हिरव्या बटणाला समांतर जोडलेली असते. म्हणजे बटणाने कॉन्टॅक्टरला एकदा जागं केलं, की पुढे तो स्वतःच्याच पट्टीतून स्वतःच्या कॉइलला वीज पुरवत राहतो. लाल बटण हा कॉइलचा रस्ता तोडतं. आणि लाइट गेली की तो आपोआपच तुटतो.

मग लाइट परत आली की? काहीच होत नाही! छोटी पट्टी उघडी, बटण उघडं, कॉइलला रस्ताच नाही. कुणीतरी येऊन पुन्हा हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर गप्प. अनेकांना हा स्टार्टरचा दोष वाटतो. पण कडबा कुट्टीचं यंत्र डोळ्यांसमोर आणा. लाइट गेली, यंत्र थांबलं, पात्यात अडकलेला कडबा काढायला कुणी हात घातला, आणि तेवढ्यात लाइट आली. यंत्र आपणहून सुरू झालं असतं तर? कॉन्टॅक्टर लाइट जाताच सगळं विसरतो, म्हणून तो हात वाचतो.

विहिरीवर मात्र हा विसराळूपणा शेतकऱ्याला नको असतो. शेतीची वीज बऱ्याच गावांत ठरावीक तासच असते, आणि पाळी रात्रीची असेल तर काळोखात, विंचूकाट्यातून बटण दाबायला कोण जाणार? म्हणून 'ऑटोस्विच' लावतात. लाइट आली की हा स्विच आपणहून कॉन्टॅक्टर चालू करतो. एका घराची सोय झाली खरी. पण एका डीपीवर वीस मोटरी असल्या आणि विसांनाही ऑटोस्विच असला तर? लाइट येताच विसांच्या वीस मोटरी एकाच क्षणी सहापट प्रवाह ओढतात. डीपीचे फ्यूज उडतात, कधी रोहित्रच जळतं, आणि मग सगळेच कोरडे. म्हणूनच महावितरण ऑटोस्विच काढून टाका असं शेतकऱ्यांना वारंवार सांगत असतं. मला विचाराल तर शेतकऱ्याला नुसता दोष देणं काही खरं नाही. रात्री अपरात्री शेतात जाण्यात धोका असतोच. दिवसा वीज मिळाली तर ऑटोस्विचची गरजच उरणार नाही. तोवर निदान प्रत्येक मोटर वेगवेगळ्या मिनिटाला सुरू होईल असा टायमर तरी हवा.

आता आपल्या एसी-३ कडे वळू. त्यासाठी आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. वीज जोडण्यापेक्षा तोडणं जास्त अवघड! पट्ट्या एकमेकींपासून सुटू लागल्या तरी प्रवाह थांबायला तयार नसतो. मधल्या हवेतूनच तो वाहू लागतो. हवा तापून काही हजार अंशांवर जाते आणि निळसर पांढरी ज्योत पेटते. तिला आर्क म्हणतात. वेल्डिंगच्या दुकानात बघू नका म्हणून सांगतात ना, तोच हा आर्क, फक्त क्षणभराचा. तो विझवायला आपल्याकडच्या विजेचीच थोडी मदत होते. ती सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, आणि त्या क्षणी आर्क दम टाकतो. तेवढ्यात पट्ट्या पुरेशा दूर गेल्या असल्या की पुन्हा पेटत नाही. शिवाय मोठ्या कॉन्टॅक्टरच्या डोक्यावर पातळ धातूच्या पट्ट्यांचा जणू कंगवा बसवलेला असतो. आर्क त्यात शिरून तुकडेतुकडे होतो आणि थंड पडतो.

पट्ट्यांच्या टोकांना छोट्या टिकल्या असतात, त्या चांदीच्या मिश्रणाच्या. दागिन्यांची हौस म्हणून नव्हे हं! तांब्यावर काळा थर चढला की तो वीज अडवतो, चांदीला ती अडचण फारशी येत नाही. पण नुसती चांदी मऊ, तापली की एकमेकींना चिकटते. म्हणून तिच्यात दुसऱ्या धातूचं ऑक्साइड मिसळतात. पूर्वी कॅडमियमचं मिसळत. कॅडमियम विषारी असल्यामुळे आता बहुतेक ठिकाणी कथिलाचं आलं आहे. टिकल्या काळपट दिसल्या म्हणून काही जण कानशीने किंवा पॉलिशपेपरने घासतात. तसं करू नये. घासून निघते ती महागाची चांदीच.

तर कॉन्टॅक्टर किती मोठा आहे एवढं विचारून भागत नाही. त्याला काय जोडायचं आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कोणत्या क्षणी काय तोडायचं आहे, हे विचारावं लागतं. जगभरच्या तज्ज्ञांनी यासाठी वर्ग पाडले आहेत. भारतातही तेच चालतात. आपल्या मानकाचं नाव आयएस/आयईसी ६०९४७-४-१.

पहिला वर्ग, एसी-१. गीझर, भट्टी, हीटर अशा साध्या भारांसाठी. जेवढा प्रवाह चालताना, जवळजवळ तेवढाच जोडताना आणि तोडताना. सगळ्यांत सुखी नोकरी! दुसरा, एसी-२, स्लिपरिंग नावाच्या खास मोटरींसाठी, अडीचपट प्रवाहाचा. त्या मोटरी आता फारशा दिसत नाहीत, तेव्हा पुढे जाऊ.

तिसरा म्हणजे आपल्या मित्राचा. विहिरीवरचे पंप, गिरण्या, पंखे यांच्या नेहमीच्या मोटरी. एसी-३ कॉन्टॅक्टरला जोडताना सहापट प्रवाह सोसावा लागतो, पण तोडताना मोटर पूर्ण वेगात चालू आहे असं धरलेलं असतं, म्हणजे प्रवाह एकपटच. एवढंच नाही. चालती मोटर फिरता फिरता स्वतःही थोडी वीज निर्माण करत असते आणि ती बाहेरून येणाऱ्या विजेला विरोध करते. त्यामुळे पट्ट्या सुटताना त्यांच्यामध्ये पूर्ण व्होल्टेज येतच नाही. चाचणीत तर ते फक्त १७ टक्के धरतात. आर्क छोटा, टिकल्या खूश.

चौथा वर्ग, एसी-४, हा मात्र कष्टकरी. मोटर तीच, पण वापर वेगळा. क्रेनवाला ओझं इंचाइंचाने खाली आणतो तेव्हा बटण दाब-सोड, दाब-सोड करतो. मोटर वेगात येण्याआधीच तोडायची! तेव्हा सहापट प्रवाह अजून वाहत असतो, आणि मोटर फिरत नसल्यामुळे व्होल्टेजही पूर्ण. जोडताना सहापट, तोडतानाही सहापट. एसी-३ च्या कामात दहा-वीस लाख वेळा उघडझाप सहज करणारा कॉन्टॅक्टर इथे त्याच्या लहानशा हिश्श्यातच झिजून जातो. म्हणून एसी-४ साठी मोठा कॉन्टॅक्टर घेतात.

आणखीही वर्ग आहेत. दिव्यांसाठी एसी-५, कपॅसिटरसाठी एसी-६बी. रिकामा कपॅसिटर विजेला जोडला की पहिल्या क्षणी शंभरपटीहूनही जास्त प्रवाह गिळू शकतो. म्हणून त्याच्या खास कॉन्टॅक्टरमध्ये रोधकाच्या तारा लावलेल्या असतात; आधी त्या जोडल्या जातात, मुख्य पट्ट्या क्षणभराने टेकतात.

आता एक कोडं घाला घरातल्या मोठ्यांना. एकाच कॉन्टॅक्टरवर छापलेलं असतं, एसी-१: २५ अँपिअर, एसी-३: ९ अँपिअर. खरा आकडा कोणता? दोन्ही खरे! भट्टीला लावलात तर २५, मोटरला लावलात तर ९. दुकानातून आणताना कुणी २५ चा आकडा वाचून तोच २० अँपिअर घेणाऱ्या मोटरला लावला, तर पहिले काही दिवस सगळं ठीक चालेल. मग एखाद्या दिवशी टिकल्या वितळून एकमेकींना चिकटतील. लाल बटण दाबलं तरी मोटर थांबणार नाही! किंवा तिन्हींपैकी एकच चिकटेल, दुसरी नीट टेकणार नाही, मोटरला दोनच फेज मिळतील आणि वाइंडिंग जळेल. तेव्हा पत्रलेखक मित्रा, तुमच्या ठोकळ्यावर एसी-३ च्या पुढचा आकडा नीट वाच. पाच हॉर्सपॉवरला ९ अँपिअर पुरतो.

त्याच ठोकळ्यावर आणखी बरंच वाचता येतं. ए१ आणि ए२ लिहिलेले स्क्रू कॉइलचे. १, ३, ५ या विषम आकड्यांवर वीज आत येते. २, ४, ६ या सम आकड्यांवरून मोटरकडे जाते. स्वतःला धरून ठेवणारी ती छोटी पट्टी बहुतेक वेळा १३-१४ वर सापडेल. शेवटचे आकडे ३-४ असले की ती एरवी उघडी आणि कॉन्टॅक्टर लागल्यावर बंद होणारी. १-२ असले, जसे २१-२२, की नेमकं उलट. मोठ्या मोटरीच्या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये तीन कॉन्टॅक्टर असतात, त्यांतल्या स्टार आणि डेल्टा या दोघांनी एकाच वेळी लागायचं नसतं. लागले तर थेट शॉर्ट सर्किट! ते टाळायला हीच उलटी पट्टी वापरतात. एकाची पट्टी उघडली की दुसऱ्याच्या कॉइलचा रस्ताच तुटतो. पुष्कळ ठिकाणी या तिघांतला एक कॉन्टॅक्टर लहान दिसतो, तो स्टारचा. त्याच्यातून प्रवाह कमी जातो.

कॉइलचं व्होल्टेजही लिहिलेलं असतं, आणि गावाकडे ते फार महत्त्वाचं. ४१५ व्होल्टची कॉइल ८५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण ३५३ व्होल्टपर्यंत नीट लागायला हवी. त्याखाली तिचा भरवसा नाही. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की कॉन्टॅक्टर थडथड-थडथड करू लागतो, ऐकलंय ना? लागतो, सुटतो, लागतो, सुटतो. प्रत्येक वेळी आर्क! असा आवाज आला की आधी मोटर बंद करायला सांगा. पाल किंवा मुंग्या दोन गाभ्यांमध्ये चिरडल्या गेल्या तरी गाभा पूर्ण टेकत नाही. मग कॉइल जास्त प्रवाह ओढत राहते आणि जळते. डब्याचं झाकण आणि केबलची भोकं नीट बंद ठेवायची, ती त्यासाठीही.

आतापर्यंत आपण हवेत तोडणारे कॉन्टॅक्टर पाहिले. पण ३,३०० किंवा ६,६०० व्होल्टच्या मोटरींना हवा पुरत नाही. तिथे निर्वात कॉन्टॅक्टर लागतात. टिकल्या बंद कुपीत, आत हवाच नाही, मग आर्क तगणार कशावर? अवघ्या काही मिलिमीटर अंतरात काम होतं. दुसरा एक प्रकार एकदा लागला की खिटीने अडकून बसतो, कॉइलला सतत वीज द्यावी लागत नाही. सोडवायला वेगळा हुकूम. हा विसराळू नसतो, म्हणून कडबा कुट्टीला अजिबात नको! आणि काही आधुनिक कॉन्टॅक्टरांत हलणारं काहीच नसतं, अर्धवाहकच स्विचचं काम करतात. ना खट्‌, ना आर्क.

सगळ्यांत जड काम डीसी कॉन्टॅक्टरचं. डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, शून्यावर येतच नाही, मग आर्कला दम टाकायला उसंत कुठली? मुंबईची पहिली विजेची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली, ती १,५०० व्होल्ट डीसीवर. मुंबईच्या लोकलमधून डीसी पूर्ण गेला तो २०१६ मध्ये. त्या जुन्या गाड्या सुटताना मोटरींपुढचे रोधक टप्प्याटप्प्याने वगळावे लागत, आणि ते काम कॉन्टॅक्टरच करत. असे मोठे कॉन्टॅक्टर पुष्कळदा दाबलेल्या हवेने चालवतात. कॉइल फक्त हवेची झडप उघडते. आर्कजवळ चुंबक ठेवला, की तो आर्कला फुंकर मारल्यासारखा बाजूला ताणून विझवतो. डीसीचे वर्गही निराळे आहेत: डीसी-१, डीसी-३, डीसी-५. विजेवरची मोटारगाडी चालू करताना आतून 'खट्‌' ऐकू येतं, तोही डीसी कॉन्टॅक्टरच, बॅटरी जोडणारा. त्याच्या टिकल्या बहुधा वायू भरलेल्या बंद डबीत असतात.

आता थोडं कडक बोलतो. स्टार्टरचा डबा तुम्ही उघडायचा नाही. नुसतं लाल बटण दाबून आतली वीज जात नाही; १, ३, ५ या स्क्रूंवर ती असतेच. बघायचं असेल तर वायरमनकाका मेन स्विच बंद करून काम करत असतील तेव्हा, हात पाठीमागे बांधून. कॉइल जळली म्हणून कुणी हलत्या गाभ्याला लाकडाचा तुकडा खोचून मोटर चालवत असेल, तर त्यांना जरूर सांगा की आता लाल बटण मेलं, आणि जास्त प्रवाह झाला तर मोटर तोडणारं संरक्षणही मेलं.

घरी करायचा प्रयोग मात्र बिनधोक आहे. तीन इंची लोखंडी खिळा, त्यावर इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे शंभर वेढे, तारेची टोकं खरवडून टॉर्चच्या एका सेलला जोडा. टाचण्या किती उचलल्या जातात ते मोजा. मग खिळ्याच्या टोकाला वहीच्या कागदाचा एक तुकडा लावून मोजा, दोन तुकडे, चार तुकडे. पाच-सहा सेकंदांहून जास्त वेळ जोडू नका, तार तापते. दोन गाभ्यांमध्ये पाल आली तर काय होतं, त्याचं उत्तर टाचण्याच देतील. तुमचे आकडे पोस्टकार्डावर कळवा.

त्याच पत्र्याच्या डब्यात कॉन्टॅक्टरच्या खाली आणखी एक छोटी पेटी असते, ओव्हरलोड रिले. तिच्यात दोन धातूंची एक पट्टी तापून वाकते. ती पुढच्या अंकात.